तीन ठिपक्यांचे कप

(कप-बशांच्या कारखान्यातली तपासणीची खोली. शेवटची शिट्टी होऊन गेली आहे. बाहेर नळावर हात धुणाऱ्या बायकांचा गलका ओसरत आलाय. उंच स्टुलावर वहिनी. घरी एकीच्याच वहिनी, पण कारखान्यात सगळ्यांच्या. भट्टीतून आलेला एकेक कप लाकडी टिपरीने वाजवून पाहायचा, ठण्ण वाजला तर फर्स्ट, ठप्प वाजला तर सेकंड, हे काम त्या एकोणीस वर्षं करतायत. समोर त्यांची नणंद, रवानगी खात्यातली कारकून, एका लाकडी खोक्यावर पाय टेकून बसलेली. दोघींच्या मध्ये टेबलावर एक चिठ्ठी. तिच्यावर फक्त सही व्हायची राहिली आहे.)

नणंद : म्हणजे हिशेब असा. ती गेली, तर तपासणीचे मास्तर निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची तुझी. खुर्चीबरोबर खिडकी. खिडकीबरोबर कपाटाची चावी. आणि तू आत आलीस की अख्ख्या खोलीने बोलणं थांबवायचं, ते वरकड. बरोबर?

वहिनी : तुला चिठ्ठी वाचून बघ म्हटलं होतं, काही चुकलंय का ते. माझं नशीब मोजायला नव्हतं बसवलं.

नणंद : चुकलेलं काही नाही. अक्षर तर दृष्ट लागेल असं. "सलग तीन महिने निम्म्याहून अधिक माल सेकंड गेला आहे, सबब कामावर ठेवू नये." हा 'सबब' फारच शोभून दिसतोय.

वहिनी : नियम मी केला नाही. तीन महिने निम्म्याच्या वर सेकंड गेले की घरी बसायचं. सगळ्यांना सारखा नियम.

नणंद : घरी बसायला घर तरी राहील का? काम सुटलं की वसाहतीतली खोलीही सोडावी लागते त्या लोकांना. माहितेय ना?

वहिनी : ते मी बघायचं का? मी कप बघते. कान जोडला की प्रत्येकीने कपाच्या बुडाखाली आपली खूण काढायची. माझ्या धाकटीची आडवी रेघ, या नवीचे तीन ठिपके. मी वाजवते, खूण बघते, पाटीवर मांडते. माझी सख्खी बहीण असती तरी हेच लिहिलं असतं.

नणंद : सख्खी बहीण आहेच की. त्याच बाकावर बसते, तेच काम करते. तिचे सेकंड किती या महिन्यात?

वहिनी : धाकटीचा हात निराळा. आमच्या आईचा हात आहे तिला.

नणंद : आणि हिला कुणाचा आहे?

वहिनी : हे बघ, धरणात त्यांचं गाव बुडालं, वाईट झालं. कोण नाही म्हणतं? पण खरं ते खरं. बुडीतवाल्यांना धीर म्हणून नाही. आज लावलं, उद्या पाण्याबरोबर गेलं, अशी पिढ्यान् पिढ्या सवय. टिकेल असं काही करायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही. त्यांच्या वसाहतीत जाऊन बघ. एका दाराला कडी धड नाही.

नणंद : कड्या कंत्राटदाराने बसवल्यात, वहिनी. तो आपल्या गल्लीतला.

वहिनी : तू नक्की कुणाच्या बाजूची?

नणंद : मी रवानगीच्या बाजूची. माल गेला पाहिजे आणि गेलेला परत नाही आला पाहिजे. बरं, मला एक आठवतंय. ते लोक आले तेव्हा शाळेच्या खोल्यांत उतरवले होते. तू दोन चादरी घेऊन गेलीस. निळी चादर जिला दिलीस ती हीच ना? घरी येऊन म्हणाली होतीस, 'बिचारी! डोळे किती बोलके आहेत तिचे.'

वहिनी : म्हटलं असेल.

नणंद : पुढे काय झालं त्या डोळ्यांचं?

वहिनी : डोळे तेच आहेत. आता कपाळावर गेलेत.

नणंद : कधी गेले, मी सांगू? चादर घेतली तेव्हा 'बिचारी'. कामाला लागली तेव्हा 'बरी आहे, शिकेल'. आणि मास्तरांनी तिच्या हातात टिपरी दिली, त्या संध्याकाळी घरी आलीस ती 'हे लोक' म्हणतच. मी भाजी चिरत होते. मला वाटलं, मागून दहा-बाराजण येतायत.

वहिनी : टिपरीचं नाव काढू नकोस.

नणंद : काढते. कारण चिठ्ठीत ते कुठेच लिहिलेलं नाही.

वहिनी : एकोणीस वर्षं गं! एकोणीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली. ती त्यांची काळी शिसवी टिपरी, एकदा नुसती पुसायला घेतली, तर म्हणाले, 'ठेवा वहिनी, लाकडाला घाम लागतो.' मला घाम येतो आणि हिला काय अत्तर येतं? ही दारात उभी. डोक्यावर कपांची फळी. मी आत वाजवतेय. आणि ही तिथनं म्हणते, 'मास्तर, त्याला तडा आहे, कानाच्या खाली.' कुणी विचारलं होतं हिला?

नणंद : होता का तडा?

वहिनी : होता. केसाएवढा.

नणंद : आणि तू तो कप...

वहिनी : ठेवत होते फर्स्टात! हजारात एखादा जातो. मास्तरांच्या हातून नाही गेला कधी? पण नाही. सगळ्यांसमोर टिपरी तिला दिली. 'वाजव,' म्हणाले. तिने वाजवला. डोळे मिटून ऐकत होते, देवळात बसल्यासारखे. मग म्हणाले, 'हा कान शिकवून येत नाही.' मग मला शिकवून आलेला तो काय, भाड्याचा?

नणंद : दुखतंय ते इथे.

वहिनी : दुखत काही नाही. मी कुणाचं बघून जळणारी बाई नव्हे.

नणंद : छे, जळत कुठे असतेस! शेजारणीच्या घरात नवा पंखा फिरला की आपल्याकडे उकडायला लागतं, तेवढंच.

वहिनी : चेष्टा पुरे. सही करते आणि निघू.

नणंद : कर की. त्याआधी माझ्या पायाखालचं खोकं उघड.

वहिनी : मघापासून पाय ठेवून बसलीयस. मला वाटलं रिकामं आहे.

नणंद : परत आलंय. तो चौकातला हॉटेलवाला. पाच डझन फर्स्ट गेले होते त्याच्याकडे. अकरा कपांचे कान गिऱ्हाइकांच्या बोटांत राहिले आणि कप खाली. एकाच्या मांडीवर चहा सांडला. हॉटेलवाल्याने पत्रात त्या मांडीचं सविस्तर वर्णन केलंय.

वहिनी : अकरा! तीन ठिपके असणार.

नणंद : किती पटकन आलं तोंडात. उचल एक. उलटा कर.

वहिनी : हा रेघेचा दिसतोय.

नणंद : दुसरा बघ.

वहिनी : रेघ. हाही... अगं, सगळे?

नणंद : अकराच्या अकरा. धाकटी. आईचा हात निसटला कुठेतरी. तीन ठिपक्यांचा एकही नाही. अर्थात तू फर्स्टात जाऊ दिलेस तर खोक्यात असतील ना.

वहिनी : भट्टी बिघडली असेल त्या दिवशी.

नणंद : भट्टी सगळ्यांना सारखीच भाजते. ती नाही खूण वाचत.

वहिनी : म्हणजे मी वाचते?

नणंद : ते पुढे बघू. त्याच हॉटेलवाल्याला त्याआधी आणखी एक खोकं गेलं होतं. त्याबद्दल लिहितो, 'पहिल्या खोक्यासारखे कप देणार असाल तर जन्मभर तुमच्याकडूनच घेऊ.' त्यातही सगळ्या रेघाच होत्या.

वहिनी : बघ! सांगत होते ना! कधीतरी होतं माणसाकडनं डावं-उजवं. पण हात आहे तो आहे.

नणंद : थांब, लगेच ओवाळू नकोस. त्या खोक्यावर भट्टीची तारीख होती. तिथनं वाळवणीचे दिवस मागे मोजले. कान जोडले ते बरोब्बर त्या आठवड्यात, जेव्हा धाकटीच्या पोराला गोवर निघाला होता.

वहिनी : मग?

नणंद : मग काय? तुझी बहीण आठ दिवस घरी होती. रोज संध्याकाळी डबा घेऊन तूच जात होतीस. पोराचं डोकं मांडीवर घेऊन ती तिकडे बसलेली, आणि इकडे बाकावर तिच्या रेघेचे कप तयार होतायत. आईचा हात एवढा लांब असतो का?

वहिनी : हजेरीला काय आहे?

नणंद : हजर. मुकादमीणबाई माणसं कुठे मोजतात? फळ्या मोजतात. रेघेच्या फळ्या आल्या, म्हणजे धाकटी आली.

वहिनी : आणि कप माझ्यापर्यंत यायला पंधरा दिवस जातात. माझ्या कशाला लक्षात येतंय. पण मग त्या फळ्या केल्या कुणी?

नणंद : ज्या बाईला मी इथे बोलावलंय, तिला विचार. हात धुऊन येतेय.

वहिनी : ती? इथे? आत्ता?

नणंद : चिठ्ठी पालथी घाल, म्हणजे झालं. आणि ती येईपर्यंत माझं एक काम कर. हे बारा कप. आजच्या भट्टीतले, कुणी हात न लावलेले. बुडांना मी कागद चिकटवलेत, खळ लावून. वाजव.

वहिनी : आता तू माझी परीक्षा घेणार? मी या घरात आले तेव्हा तुला वेणी घालता येत नव्हती.

नणंद : तूच घालायचीस, आणि फार ओढून घालायचीस. वाजव. मास्तर कसं करतात? आधी वाजवतात, मग उलटा करतात. तू आधी उलटा करतेस, मग वाजवतेस.

वहिनी : वेळ वाचतो. खूण आधी कळली की पाटीवर मांडायला सोपं. हजार कप असतात दिवसाला.

नणंद : आज बाराच आहेत. आणि बुडाला बघण्यासारखं काही नाही.

वहिनी : फर्स्ट. हाही फर्स्ट. हा... थांब हं. फर्स्ट. फर्स्ट. हा गेला, सेकंडात टाक. हा छान आहे, ऐकलास? मंदिरातल्यासारखा. फर्स्ट. हा सेकंड. कसंतरीच वाटतंय गं खूण न बघता. काळोखात जिना उतरल्यासारखं.

नणंद : पडली नाहीस अजून. चालू दे.

वहिनी : फर्स्ट. फर्स्ट. फर्स्ट. हा सेकंड. आणि हा शेवटचा फर्स्ट. झाले बारा.

नणंद : नऊ फर्स्ट, तीन सेकंड. आता सेकंडाचे कागद मी काढते. हा... रेघ. हा पण रेघ. आणि हा तीन ठिपके. सहा कप धाकटीचे होते, सहा हिचे. धाकटीचे दोन गेले, हिचा एक.

वहिनी : एकच?

नणंद : सहातला एक. काल तुझ्या पाटीवर सहातले चार जात होते. काल रात्रीत शिकून आली असेल नाही? की आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?

वहिनी : तू मला लबाड म्हणतेस?

नणंद : मी काहीच म्हणत नाही. मी कागद काढले.

वहिनी : लबाड नाही मी! माझ्या मनात काय काय असेल ते असो. जळते मी तिच्यावर, हो, जळते, झालं समाधान? रात्र रात्र ती टिपरी दिसते मला तिच्या हातात. पण कपाशी मी कधी खोटं वागले नाही. तिचा कप वाजवला की मला ठप्पच ऐकू येतं. देवाशप्पथ. तो खरंच तसा वाजतो!

नवी : खरंच तसा वाजतो. खोटं नाही बोलत वहिनी.

नणंद : आलीस? कधीपासून उभी आहेस दारात?

नवी : मला दारातनंच बरं ऐकू येतं, ताई.

वहिनी : टोमणा मारलास?

नवी : मारला, थोडासा. वहिनी, त्या फर्स्टातला माझा एक कप घ्या. कागद काढून, ठिपके दिसतील असा. आता रोज धरता तसा धरा.

वहिनी : धरला.

नवी : वाजवा.

वहिनी : ठप्प! बघ, ऐकलंस ना? हे असं. रोज हे असंच!

नणंद : वहिनी, हा आत्ता फर्स्टात टाकला होतास तू. 'मंदिरातल्यासारखा' म्हणालीस तो हा.

वहिनी : हाच? नाही गं.

नवी : तोच. आता धाकट्या बाईंचा घ्या, रेघ बघून. वाजवा.

वहिनी : ठण्ण.

नवी : आता आपल्याच हाताकडे बघा. त्यांचा कप तुम्ही तीन बोटांवर तोलता. लेकराची हनुवटी धरावी तसा. माझा मुठीत घेता. घट्ट. मुठीत धरली तर घंटासुद्धा वाजायची नाही.

नणंद : दाखव परत. अगंबाई, खरंच! वहिनी, मूठ बघ तुझी. पांढरी पडलीयेत बोटं.

वहिनी : मी असा धरते? कधीपासून?

नवी : टिपरीच्या दिवसापासून. त्याआधी माझाही बोटांवरच धरत होतात. आणि धाकट्या बाईंचा वाजतो की नाही, हे ऐकू यायच्या आत तुम्ही पुढचा कप उचललेला असतो. म्हणून ते अकरा गेले हॉटेलात.

वहिनी : आणि तू तीन महिने बघत राहिलीस? तोंड शिवलं होतं?

नवी : सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?

वहिनी : म्हटलं असतं, नाचता येईना अंगण वाकडं.

नवी : मग.

नणंद : आणि त्या आठ दिवसांच्या रेघेच्या फळ्या? त्या तुझ्याच ना?

नवी : धाकट्या बाई रडत आल्या माझ्याकडे. पोर तापलेलं, आणि खाडे मांडले तर त्यांचंही नाव चिठ्ठीवर जायची भीती. म्हणाल्या, 'रोज माझ्या खुणेच्या दोन फळ्या कर, मी माझ्या ताईकडे तुझ्यासाठी शब्द टाकते.'

वहिनी : मला एक अक्षर बोलली नाही ती.

नवी : ते मला पाटीवरनं कळलंच.

नणंद : म्हणजे फुकट राबलीस तू.

नवी : फुकट कशाला? मलाही बघायचं होतं. तोच हात, तीच माती, तोच कान. फक्त खाली ठिपक्यांऐवजी रेघ. फळ्या उतरवायच्या निमित्ताने मी इथेच कोपऱ्यात रेंगाळायची आणि ऐकत राहायची. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. आठ दिवसांच्या मालातले दोनच कप सेकंड गेले, आणि ते खरंच वाईट होते. एकदा तुम्ही मला हाक मारलीत. कप माझ्या नाकासमोर धरलात आणि म्हणालात, 'बघून ठेव. असा जोडतात कान.'

वहिनी : मी म्हणाले?

नवी : माझाच कप होता तो.

वहिनी : तू हसू नकोस गं!

नणंद : हसत नाहीये. ठसका लागलाय.

वहिनी : मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील हिने मला.

नवी : तुमच्या एकटीच्या वाट्याला फार नाही आल्या. आमच्या वसाहतीत तुम्हा सगळ्यांना मिळून 'कोरडे' म्हणतात. कोरड्यांच्या दारात पाणी मागू नये, ते आधी भांडं कुणाचं ते विचारतात. लहान पोरंसुद्धा म्हणतात. मीही म्हणते.

नणंद : आमची चादर पांघरून?

नवी : पांघरली म्हणून तर जास्त म्हणते, ताई. दिलेली चादर फार टोचते. पहिलं वर्षभर वहिनी रस्त्यात भेटल्या की आधी माझ्या अंगावर चादर आहे का बघायच्या. मग माझ्याकडे बघायच्या. त्यांच्या हिशेबाने मी कायम ती पांघरूनच बसायला हवी होती.

वहिनी : असं काही नव्हतं माझ्या मनात.

नवी : नसेल. मी सांगितलं ते मला दिसलेलं. माझीही मूठ आवळलेली असेल.

वहिनी : उभी का आहेस? बस.

नवी : कशावर?

वहिनी : इथे आणखी कुठलं स्टूल दिसतंय तुला? यावर. मी उठते. पाय आखडलेत माझे.

नणंद : बरं, बसाबशी झाली असेल तर उद्याचं बघू. सकाळी मास्तर चिठ्ठी मागणार. वहिनी, दोन्ही बाजू सांगते, मग तुझं तू ठरव. खरं लिहिलंस, तर तीन महिन्यांची तुझी पाटी रद्द. खुर्ची गेली. खाड्याची भानगड निघाली की धाकटी वर्षभर तुझ्याशी बोलणार नाही, आणि पोराला तुझ्याकडे पाठवणार नाही. आणि आहे तीच चिठ्ठी दिलीस, तर एकच बाई जाते. तीही आपल्यातली नाही.

नवी : मी इथेच बसलेय, ताई.

नणंद : म्हणूनच मोठ्याने बोलले. मनातल्या मनात सगळेच बोलतात हे.

वहिनी : खोली खरंच जाते?

नवी : काम गेलं की पंधरा दिवसांत कुलूप. दया यावी म्हणून नाही सांगत. तुम्ही विचारलंत.

वहिनी : दयाबिया काही येत नाही मला तुझी. राग येतोय उलट. तू नुसती वाईट काम करणारी असतीस तर किती सोपं झालं असतं माझं.

नवी : माझंही. तुम्ही मुद्दाम करणाऱ्या असतात, तर मी पहिल्याच महिन्यात आरडाओरडा केला असता. पण वाजवताना तुमचं तोंड बघायची मी. मन लावून ऐकत असायचात. ठप्प वाजला की वाईटसुद्धा वाटायचं तुम्हाला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

वहिनी : पेन दे गं.

नणंद : फाडू नकोस ती. मास्तर कागद मोजून देतात. मागे लिही.

वहिनी : लिहिते. "मागच्या पानावर लिहिलं ते मी परत घेते. तीन महिने ठिपक्यांच्या कपांचा निकाल चुकला. चूक कप धरण्याची. धरणारी मी." पुढे?

नणंद : पुढे तुझं लाडकं.

वहिनी : "सबब मास्तरांनी सगळे कप स्वतः पुन्हा वाजवावेत. बुडाला कागद लावून." ही सही. आता तरी गप्प बसशील?

नणंद : धाकटीचं काही नाही लिहिलंस.

वहिनी : धाकटीकडे मी स्वतः जाते. जे सांगायचं ते तिने माझ्या तोंडून ऐकू दे. आणि उद्या मुकादमीणबाईंपुढे तीच उभी राहील, आठ दिवस कुठे होते ते सांगायला. हिने नाही जायचं.

नवी : मी नव्हतेच जाणार.

वहिनी : माहितेय. त्याचाच जास्त राग येतो. ...एक विचारू तुला?

नवी : विचारा.

वहिनी : ती टिपरी. मास्तरांची. हातात कशी लागते?

नवी : काही विशेष नाही. तुमचीच बरी. हिला वजन आहे.

वहिनी : खोटं बोलतेस.

नवी : हो.

वहिनी : मग खरं सांग.

नवी : हातात काही धरलंय असं वाटतच नाही, वहिनी. नुसता आवाज येतो.

वहिनी : वाटलंच होतं मला.

नवी : निघू का? नळ जायच्या आत पाणी भरायचंय.

वहिनी : नीघ. आणि हे बघ, उद्या फळी घेऊन आलीस की दारात उभी राहू नकोस. आत ये. मी मूठ आवळली की तिथल्या तिथे सांग.

नवी : सगळ्यांदेखत?

वहिनी : हळू आवाजात सांग. एवढीही काही मी सुधारले नाही.

नणंद : गेली. चल, आपणही निघू, खोलीला कुलूप लाव. काय गं, एका संध्याकाळीत केवढ्याला पडलं हे! खुर्ची गेली, खिडकी गेली, चावी गेली, धाकटी रुसणार ती वेगळीच. सगळं तुझ्याच अंगावर आलं.

वहिनी : मी काय दिलंय अजून? जे माझं झालंच नव्हतं ते गेलं. तू मला हे सांग, फर्स्टातून काढलेला माल कुठे जातो?

नणंद : सेकंडाचा? गेटवर, कामगारांना विकायला.

वहिनी : आणि गेटवरनं या तीन महिन्यांत कुणी घेतले?

नणंद : बऱ्याच जणींनी. आपण पण घेतले की. दोन डझन. तूच म्हणालीस, पाहुण्यांना धाकटीचे फर्स्टातले काढू, घरात वापरायला हे चालतील.

वहिनी : पाहुण्यांचे किती उरलेत?

नणंद : सहातले दोन. चारांचे कान निघाले. मागल्या वेळी बाबांच्या मित्राच्या हातात नुसता कान राहिला होता, आठवतंय ना? बिचारा तसाच धरून बसला, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून.

वहिनी : आणि घरातले? रोज सकाळ-संध्याकाळ ज्यातनं चहा पितो आपण?

नणंद : आज सकाळी विसळताना सगळे उलटे करून बघितले मी. म्हणून तर हे खोकं घेऊन आले तुझ्याकडे. तीन ठिपके. चोवीसच्या चोवीस.

वहिनी : त्यातल्या किती कपांचे कान गेले?

नणंद : एकाचाही नाही.